तिजोरीची किल्ली कोणाकडे?

जगातील सर्वांत संपन्न राष्ट्राच्या सरकारने आपल्या नोकरांचा पगार थांबवावा, ही गोष्ट ऐकणाऱ्यास सहसा खरी वाटत नाही. परंतु १ ऑक्टोबर २०२५ पासून १२ नोव्हेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे ४३ दिवस, अमेरिकेतील लक्षावधी कुटुंबांनी हा अनुभव घेतला. तेथील वृत्तपत्रे या प्रकारास ‘शटडाऊन’ म्हणतात. तिजोरी रिकामी झाली होती असे नव्हे. ती उघडण्याची संमती मिळाली नव्हती.

कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज सरकारी तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असा अमेरिकेच्या राज्यघटनेचा दंडक आहे. राज्यकर्त्यांच्या मनमानीस आळा घालणारा हा नियम उत्तमच आहे. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि त्यापूर्वी काँग्रेसने १२ खर्चविधेयके संमत करावीत अशी अपेक्षा असते. सिनेटचे सभासद १००. पण चर्चा संपवून बहुतेक विधेयके मतास टाकण्यासाठी ६० मते लागतात. त्यामुळे बहुमतवाल्या पक्षासही विरोधकांची मनधरणी करावी लागते.

पूर्वी मंजुरी लांबली तरी कचेऱ्या बहुधा चालू राहत. १९८० व १९८१ मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी असे मत दिले की, मंजुरीवाचून काम चालविणे कायद्याविरुद्ध आहे. जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचे काम तेवढे अपवाद. तेव्हापासून वादाचा शेवट कामबंदीत होऊ लागला. १९९५-९६ मध्ये ती २१ दिवस चालली, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस.

२०२५ मधील वाद आरोग्यविम्याचा होता. विम्याच्या हप्त्यांवर २०२१ पासून मिळणारी वाढीव सवलत वर्षअखेर संपणार होती. ती आधी चालू ठेवा, असा डेमोक्रॅटिक पक्षाचा आग्रह. आधी खर्चास संमती द्या, मग बोलू, असे रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे. दोहोंच्या ओढाताणीत सुमारे १४ लक्ष कर्मचारी सापडले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे घरी बसले. उरलेल्यांना बिनपगारी कामावर जावे लागले. विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणारेही त्यांतच होते. अखेर नोव्हेंबरमध्ये ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली. काँग्रेसच्या सभासदांचे वेतन मात्र चालूच राहिले.

सर्वांत मोठा घाला गरिबांच्या ताटावर पडला. सुमारे ४ कोटी २० लक्ष लोकांना तेथे अन्नखरेदीसाठी सरकारी साहाय्य मिळते. नोव्हेंबरमध्ये ते रखडले, आणि न्यायालयांचे दरवाजे ठोठवावे लागले. २०१९ च्या कायद्यामुळे कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मागाहून मिळतो. परंतु घरभाडे आणि दुधाचे बिल मागाहून देतो म्हटल्यास कोण ऐकतो? अशा बंदीने काटकसरही होत नाही. २०१८-१९ च्या कामबंदीने ११ अब्ज डॉलरचे उत्पन्न मागे पडले आणि त्यांपैकी ३ अब्ज कधीच भरून येणार नव्हते, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. शेवटी डेमोक्रॅटिक गटाच्या आठ सिनेटरांनी बाजू बदलली आणि कचेऱ्या उघडल्या; पण ज्या सवलतीसाठी हा खटाटोप झाला, तिची मुदत न वाढताच २०२५ साल सरले.

आपल्याकडे असे का घडत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्या संविधानाच्या ११६ व्या अनुच्छेदात लेखानुदानाची सोय आहे. अंदाजपत्रक पूर्णपणे संमत होण्यापूर्वी काही काळाच्या खर्चास लोकसभा आगाऊ मंजुरी देऊ शकते. निवडणुकीच्या वर्षी, २०१९ व २०२४ मध्ये, तसेच झाले. शिवाय ज्या सरकारच्या खर्चाच्या मागण्या लोकसभा फेटाळील, त्यास पायउतार व्हावे लागते. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेला असतो, आणि त्याला काँग्रेस विसर्जित करता येत नाही. दोघांचे पटले नाही तर निकाल देणारा तिसरा कोणी नसतो.

याचा अर्थ आपली पद्धत निर्दोष आहे असा नव्हे. आपल्याकडे बहुमताच्या बळावर कित्येक मागण्या चर्चेवाचून संमत होतात, आणि तेथे चर्चा संपतच नाही. तिजोरीवर लोकप्रतिनिधींचा पहारा असलाच पाहिजे. मात्र त्या पहाऱ्याची किंमत ज्याच्या घरी महिनाअखेरीस काही शिल्लक उरत नाही त्याच्याकडून वसूल होऊ नये.