पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारी गाडी

ऐन दिवाळीत, वाचकांच्या एका हाती चकली आणि दुसऱ्या हाती हा अंक असताना, रेल्वेमार्गांवरून भांडण उकरून काढणे हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. संपादकांनी मागितली होती कथा. पण आमच्या बुटीबोरीत सध्या कथेपेक्षा नकाशाचा खप अधिक. किराणा दुकानात नकाशा, न्हाव्याच्या आरशाशेजारी नकाशा; आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिरातींत तर प्रत्येक प्लॉट ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर’! ही पाच मिनिटे पायी, सायकलीवर की विमानाने, ते मात्र कोठे छापलेले नसते.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. सुमारे ४३.८ किलोमीटर लांबी, ३२ स्टेशने, ६,७०८ कोटी रुपये खर्च. त्यांतली सर्वांत लांब शेपटी आमच्या वाट्याला आली : मिहानपासून बुटीबोरीपर्यंत साडेअठरा किलोमीटरांहून अधिक, स्टेशने १०. मी मॅट्रिक झालेला मास्तर. अभियंत्याशी वाद घालण्याची माझी विद्या नाही. पण यादी वाचता येते. इको पार्क, मेट्रो सिटी, अशोकवन, डोंगरगाव, मोहगाव, मेघदूत सिडको, बुटीबोरी पोलीस स्टेशन, म्हाडा कॉलनी, एमआयडीसी केईसी आणि शेवटचे एमआयडीसी ईएसआर. हे ईएसआर म्हणजे कोण, असे वर्गातल्या पोरांनी विचारले. चौकशी केली. उंचावरची पाण्याची टाकी!

टाकीला स्टेशन मिळाले, कारखान्याला मिळाले, पोलिसांना मिळाले. ह्या यादीत ज्याचे नाव नाही ते आहे बुटीबोरीचे रेल्वे स्टेशन. ‘स्टेशन’ हा शब्द यादीत आहे खरा, पण तो फौजदाराचा.

१८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपुरास पोचली, तेव्हापासून मुंबईचे रूळ आमच्या गावावरून जातात. ह्याच रुळांवरून माझी आत्या दर भाऊबीजेला सिंदीहून पॅसेंजरने येते, माझ्या वडिलांना ओवाळते आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात लोकमान्यनगरला लेकीकडे जाते. गेल्या वर्षी तिला पोचवायला मी गेलो. हातात अनारशांचा डबा, तिच्या गुडघ्यात वात. घरापासून आधी एक रिक्षा, मग रस्त्यावर उभे राहून दुसरे वाहन, तेव्हा कुठे खापरी आली. तेवढ्यात दोनदा बसलो, दोनदा उतरलो आणि डबा एकदा आडवा झाला. पुढे मात्र सीताबर्डीला कमाल झाली. एक मार्ग वर, एक खाली, दोन्ही एकाच इमारतीत. उन्हात पाऊल न टाकता, दुसरे तिकीट न काढता आत्या ह्या गाडीतून त्या गाडीत बसली. जे चांगले आहे त्याला चांगले म्हणावे. सीताबर्डी ज्याने आखले त्याला गाडी बदलणाऱ्या माणसाचे गुडघे ठाऊक होते.

लोकमान्यनगर आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितले, “आत्या, आता मेट्रो आपल्या बुटीबोरीपर्यंत येणार!”

ती म्हणाली, “येईन तं येईन रे बाबू. पण माह्या गाडीले भेटन काय ते?”

साऱ्या नकाशावर हा एकच प्रश्न मला शहाणपणाचा वाटतो. जगातली पहिली भुयारी रेल्वे ह्याच प्रश्नातून निघाली. लंडनला पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस अशी निरनिराळ्या कंपन्यांची स्टेशने शहराच्या कडेकडेने आपापल्या तोऱ्यात उभी होती, आणि उतारू मधल्या रस्त्यांवर घोडागाड्यांच्या गर्दीत अडकत होते. १८६३ च्या जानेवारीत पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन गाडी सुरू झाली ती ही स्टेशने एका दोऱ्यात ओवण्यासाठी. आपल्याकडेही २०१४ साली मुंबईची पहिली मेट्रो घाटकोपरला लोकलच्या पुलाला भिडली. ती तेथून फर्लांगभर दूर थांबती तर तिच्यात कितीजण चढले असते?

ह्यावर एक सद्गृहस्थ मला म्हणाले, “मास्तर, मेट्रो येते आहे हेच नशीब समजा. हमरस्त्याच्या कडेने गेले की जमिनीचा खर्च वाचतो, घरे पाडावी लागत नाहीत, कारखान्यांचे कामगार थेट दारात उतरतात.” कबूल. मी मार्ग उचलून गावात आणा म्हणत नाही. पण कामगारांचा एवढा कळवळा असेल तर त्यांच्या पाळ्याही पाहा. आज नागपूरची मेट्रो सकाळी ६ च्या सुमारास निघते आणि रात्री १० च्या सुमारास निजते. ज्याची दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते, त्याने पाण्याच्या टाकीखाली उभे राहून काय चांदणे मोजायचे?

दुसरे गृहस्थ म्हणाले, यादीत नाव नाही म्हणजे वाट नाही असे थोडेच आहे! छान. मग ती वाट नकाशात काढा. किती पावले, छप्पर कोठे, पुलाला सरकता जिना की नुसत्या पायऱ्या, पॅसेंजर आल्यावर मेट्रो किती मिनिटांनी, आणि एस. टी. कोठे थांबणार? प्रवाशांचा हिशेब करणारे शास्त्रज्ञसुद्धा चालण्याचे नि ताटकळण्याचे एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाहून जड धरतात, पुष्कळदा दुप्पट. आणि हा हिशेब धडधाकट माणसाचा. त्यात अनारशांचा डबा धरलेला नाही.

आणखी एक गोष्ट. २०१८ साली रेल्वे, राज्य सरकार आणि महामेट्रो ह्यांच्यात करार झाला की, आहे त्याच ब्रॉडगेज रुळांवरून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडाऱ्याकडे मेट्रोसारखी गाडी धावेल. वर्ध्याचे रूळ आमच्याच स्टेशनातून जातात. ती गाडी आम्ही अजून पाहिलेली नाही. पण उद्या ती आली, आणि तिचा उतारू एका टोकाला व ही मेट्रो दुसऱ्या टोकाला राहिली, तर एकाच गावात दोन मेट्रो असून त्यांची गाठ पडायची ती रिक्षावाल्याच्या दरात! व्याह्यांची तोंडे दोन दिशांना असली की लग्नात होते तसे.

खांब अजून सगळे उभे राहिलेले नाहीत. कागदावर पूल काढायला शिसपेन्सिल पुरते. काँक्रीट वाळल्यावर तोच पूल कोटींच्या भाषेत बोलू लागतो आणि मग निधी नाही असे उत्तर येते. तेव्हा रेल्वे स्टेशनपासून मेट्रोपर्यंतची छपराची वाट आत्ताच आखा, आणि पूल जमतच नसेल तर निदान पॅसेंजरच्या वेळेला बांधलेली छोटी बस तिकिटासकट नकाशात दाखवा.

आत्याचे पत्र नाही, फोन आला. यंदाही भाऊबीजेला सकाळच्या पॅसेंजरने निघते आहे. अनारसे ह्या खेपेला पिशवीत आणते म्हणाली. डबा आडवा होतो.