पाऱ्याच्या दिव्याचा कैवार

पाणी निर्जंतुक करणारा पाऱ्याचा अतिनील दिवा आता निवृत्त व्हावा आणि त्याची जागा पारारहित एलईडीने घ्यावी, असे म्हणताच जुन्या दिव्याचा कैवार घेणारे पुढे सरसावतात. आणि त्यांत विज्ञान जाणणारे, गरिबाच्या पाण्याची खरी कळकळ बाळगणारे सज्जनही असल्यामुळे त्यांच्या म्हणण्याचा विचार आदरानेच केला पाहिजे. तो मी गणेशगुडीच्या संदर्भात करू इच्छितो. जोयडा तालुक्यातील हे गाव सुपा धरणाच्या पायथ्याशी वसले आहे. धरणाच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर येथील राफ्टिंग चालते, आणि त्या निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांसाठी काळी नदीच्या आसपास होमस्टे आणि रिसॉर्ट उभे राहिले आहेत. पाहुण्याला निर्मळ पाणी देणे हे यजमानाचे पहिले कर्तव्य. सबब अतिनील किरणांचे यंत्र स्वयंपाकघरात आलेच.

प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा कृतज्ञतेचा आहे. १९९२-९३ साली पटकीच्या एका नव्या वाणाने भारतात आणि बांगलादेशात थैमान घातले, तेव्हा मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत बर्कली येथील प्रयोगशाळेत काम करणारे पदार्थविज्ञ अशोक गाडगीळ यांनी खेड्याला परवडेल असे जे यंत्र पुढे सिद्ध केले, त्यात पाऱ्याचाच दिवा होता. वाहत्या पाण्याला न टेकता त्याच्यावर टांगलेला तो दिवा साठ वॅटच्या बल्बाइतक्या विजेत तासाला सुमारे हजार लिटर पाणी जंतुरहित करी. हे ऋण मला शिरोधार्य आहे. परंतु पराक्रमाबद्दल वंशपरंपरा वतन लावून देण्याची चाल यंत्रांच्या राज्यात चालत नाही. गाडगिळांची निष्ठा गरिबाच्या पाण्याशी होती. त्या काळी जे स्वस्त आणि खात्रीचे साधन हाताशी होते ते त्यांनी घेतले, आणि आज निराळे साधन हाताशी आल्यावर ते पारखून पाहणे हेच त्यांच्या दृष्टीला धरून होईल.

दुसरा मुद्दा विजेचा. पाऱ्याचा कमी दाबाचा दिवा विजेचा सुमारे तिसरा हिस्सा २५४ नॅनोमीटरच्या किरणांत उतरवतो, उलट जंतुनाशक एलईडीला अद्याप शंभरात थोडेच भाग साधतात, हे अगदी खरे आहे. आणि म्हणूनच महानगराच्या जलकेंद्रांतून पाऱ्याचे दिवे उद्याच उपटून टाका असे मी म्हणत नाही. पण स्वयंपाकघरातल्या यंत्राला हा हिशेब जसाच्या तसा लावणे गैर आहे. पाऱ्याच्या दिव्याला पूर्ण तेजाला येण्यास अवकाश लागतो, आणि वारंवार चालू-बंद केल्याने त्याचे आयुष्य घटते. म्हणून पुष्कळ यंत्रांत तो, कोणी पाणी घेवो न घेवो, अखंड जळत ठेवावा लागतो. एलईडी तोटी उघडताच पेटतो आणि मिटताच विझतो. शिवाय त्याचे किरण २६५ ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे जंतूंचे जनुकद्रव्य जेथे ते अधिकाधिक शोषते त्याच्या आसपास, नेमून घेता येतात. अतिनील किरणांनी शाई वाळवणाऱ्या पुष्कळ छापखान्यांत तर ३९५ नॅनोमीटरच्या एलईडीने पाऱ्याच्या तापट दिव्यांना केव्हाच मागे सारले आहे. तेव्हा हे तंत्र प्रयोगशाळेतच घुटमळत आहे ही तक्रार टिकत नाही.

खरा वाद तिसऱ्या मुद्द्यावर आहे. एका नळीत पारा तो किती? पाच-दहा मिलिग्रॅम, युरोपीय संघाने अशा दिव्यांना घालून दिलेली मर्यादाही पंधरा मिलिग्रॅमच. एवढ्याशा कणाने काय बिघडते, असे विचारले जाते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक पारा चालत नाही. म्हणजे पाच मिलिग्रॅम पारा पाच हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसा आहे, आणि असा दिवा साधारण वर्षाच्या वापराने उतरतो. कैवारी दिव्याच्या हयातीचा हिशेब चोख ठेवतात, मरणाचा ठेवीत नाहीत. क्वार्ट्‌झच्या पारदर्शक आवरणातून बाहेर काढलेली, दोन्ही टोकांशी काळवंडलेली ती बारीक नळी स्वयंपाकघरामागे फुटक्या बाटल्यांच्या ढिगात पडते, पहिल्या पावसात काचा ओघळीला लागतात, आणि ओघळ येथे काळीलाच मिळते.

त्यातही हे स्थान विशेष नाजूक आहे. अरण्य आणि शेते बुडवून झालेल्या जलाशयाच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या गाळात, काही जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांच्या देहात साठत जातो, हे कॅनडातील धरणांवरून शास्त्रज्ञांना पुरते ठाऊक झाले आहे. जपानमधील मिनामाताची शोकांतिका, जी १९५६ साली उघडकीस आली, ती याच मिथिल पाऱ्याची. सुप्याचे जुने गाव आणि भोवतालचे रान पाण्याखाली जाऊन हा जलाशय झाला. गणेशगुडीची ओघळ या जलाशयात नव्हे, त्याच्या खालच्या काळीत उतरते; पण तेथेही पुढे आणखी धरणे आहेत, आणि नदी कारवारजवळ समुद्राला मिळते, जेथील कोळ्याचा संसार मासळीवरच उभा आहे. कारवारच्या किनाऱ्याला पारा नवखाही नाही. तेथील कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यालगतच्या समुद्रातील पाऱ्याची चिकित्सा शास्त्रज्ञांनी केली असून तिजवरील निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. कारखान्यापुढे नळ्यांचा पारा क्षुल्लक, हे कबूल; पण कारखान्याचे तोंड कायद्याने बंद करता येते, घरोघरच्या उकिरड्याचे येत नाही.

कायदा आहे की, असे यावर उत्तर मिळते. आहे खरा. भारताने पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारास २०१८ साली मान्यता दिली, आणि पारायुक्त दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत २०१६ पासून आले आहेत. परंतु डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वस्तीतला माणूस एक निकामी नळी घेऊन कोठवर जाणार? कागदोपत्री तजवीज झाली म्हणून नळी आपल्या पायांनी चालत जात नाही. जेथे परतीची वाट बिकट आहे, तेथे परत करण्याजोगी वस्तू मुळात आणूच नये.

किमतीचा चौथा मुद्दा थोडक्यात आटोपतो: फरक आहे, दरसाल नळी बदलण्याचा खर्च वाचल्याने तो काहीसा भरून निघतो, आणि पर्यटनावर चालणाऱ्या धंद्याला तो झेपतो.

मात्र एलईडीच्या नावावर काहीही गळ्यात मारून घेऊ नये. छापखान्यातल्या ३९५ नॅनोमीटरच्या दिव्याचा जांभळा उजेड डोळ्यांस दिसतो, पण त्याने पाणी जंतुरहित करण्याचे काम होत नाही. घेताना तरंगलांबी विचारावी, आणि ठराविक प्रवाहाला चौरस सेंटिमीटरमागे ४० मिलिज्यूलची मात्रा मिळते असा तपासणीचा दाखला मागावा. नवे यंत्र पारारहितच घ्यावे, असा ठराव येथील होमस्टेवाल्यांनी आपणहून करावा. आज भिंतीवर असलेली यंत्रे मुदत संपेपर्यंत चालू द्यावीत. फुटलेल्या नळीवर झाडू न फिरवता, दारे-खिडक्या उघडून, तुकडे जाड कागदाने उचलून झाकणाच्या बरणीत भरावेत. आणि विक्रेत्याने नवी नळी देताना जुनी, शाबूत असो वा फुटलेली, मोजून ताब्यात घ्यावी व तिची नोंद वहीत गिऱ्हाइकाच्या सहीनिशी करावी. जुनी दिल्यावाचून नवी देऊ नये.