गोठ्यातली राजदूत कुणाची?

पारोळा-अमळनेरच्या बाजूला जुन्या शेतकरी घराच्या गोठ्यात कधी डोकावून पाहा. कडब्याच्या आड, युरियाच्या रिकाम्या पोत्यांखाली एखादी राजदूत हमखास उभी असते. चाकं जमिनीला टेकलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकीवर कोंबड्यांची बैठक! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बाबांची गाडी आहे." बाबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. गाडी ना विकलेली, ना चालवलेली.

अलीकडे या गाड्यांना अचानक भाव आला आहे. जुनी टू-स्ट्रोक शोधायची, घरीच खोलायची, घासूनपुसून पुन्हा चालू करायची, ही तरुण मुलांची नवी हौस. परदेशात असा छंद फार जुना. तिकडे मातीत, चिखलात, टेकडीवर पळवायला वेगळी 'डर्ट बाइक' बनते. यामाहाने १९६८ साली आणलेली २५० सीसीची डीटी-१ अशीच, टू-स्ट्रोक. आज तिकडची मंडळी ती गाडी देवघरातल्या मूर्तीसारखी जपतात. आपल्याकडे असली गाडी कुणाला परवडली असती? आणि वेगळी हवी तरी कशाला? आपले रस्तेच मातीचे होते. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात राजदूत १७५ काढली आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लावून ती काळ्या मातीच्या गाडवाटेवर धावू लागली. १९७३च्या 'बॉबी' सिनेमात झळकली ती राजदूतचीच छोटी जीटीएस. पण खानदेशाला ठाऊक आहे ती दूधवाल्याची, तीन गिअरची, फटफट करत धूर सोडणारी. आमची डर्ट बाइक तीच.

हे सगळं मला का सुचलं? तर आमच्या नात्यातल्या एका मुलीने अशी राजदूत उघडली आहे म्हणून. जळगावला डिप्लोमा करते. आजोबांची १९७८ची गाडी गावाकडून टेम्पोत घालून आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडली. शेजारच्या वहिनी दोनदा विचारून गेल्या, "भाऊ नाही का तिला?" भाऊ आहे. त्याला क्रिकेट आवडतं!

आपल्या बायकांचं आणि टू-स्ट्रोकचं नातं तसं जुनं आहे, बरं का. किनेटिकची ५० सीसीची लूना १९७२ मध्ये आली, पुढे १९८४ मध्ये बटणावर चालू होणारी किनेटिक होंडा आली. दोन्ही टू-स्ट्रोकच. शिक्षिका, नर्सबाई, ग्रामसेविका यांनी याच गाड्यांवर तालुके पालथे घातले. मात्र प्लग काळा पडला की गाडी ढकलत गॅरेजवर न्यायची आणि तिथल्या बाकावर पदर सावरून बसायचं. चालवायला शिकलो, उघडायला कुणी शिकवलं नाही. बचत गटाच्या कामाने मी खेडोपाडी फिरते. आजही तेच पाहते. स्कूटी बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते, पण डिकीतला पाना कशाचा ते नवऱ्याला ठाऊक.

खरं तर शिकायला टू-स्ट्रोकसारखं सोपं इंजिन नाही. आत व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅमशाफ्ट नाही. हलणारे मुख्य भाग तीनच, पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. पिस्टन वरखाली होता होताच ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या पोटात जातात, मग वर येतात. त्यामुळे तिथे फोर-स्ट्रोकसारखं वेगळं ऑइल साठवता येत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पंपावर 'टू-टी' म्हणून मागायचो ते हेच. ते विसरलं की पिस्टन ब्लॉकमध्ये अडकलाच म्हणून समजा.

या मुलीने काम कसं केलं तेही सांगते, कारण त्यात घाईला जागा नव्हती. गाडी आल्याबरोबर काकाने किक मारायला पाय उचलला. हिने थांबवलं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रिंगा भिंतीला चिकटलेल्या असतात, जोराने किक मारली तर तुटतात आणि ब्लॉकवर ओरखडा जातो. आधी प्लग काढला, भोकातून थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस ठेवलं, मग हाताने हळूहळू फिरवलं. प्रत्येक भाग सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो. नटबोल्ट मसाल्याच्या जुन्या डब्यात, वाटीवाटीवर चिठ्ठी. आजीचा मिसळणाचा डबा गेला, पण आजी काही बोलली नाही. मॅग्नेट काढायला पुलर मिळेना, तेव्हा कुणीतरी हातोडी सुचवली. तिने आठ दिवस वाट पाहिली, पण हातोडी लावली नाही.

टाकीचं काम आपल्या हातचं आहे. तांब्या-पितळेला चिंच लावणाऱ्या बाईला आम्लाने गंज सुटतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून, ती उघड्यावर नीट वाळू देऊन तिच्यात पांढरा व्हिनेगर भरला, मूठभर नट टाकून हलवली, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. आणि वैशाखातलं जळगावचं ऊन! टाकी दुपारभरात खणखणीत कोरडी. कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेलमध्ये भिजवून साफ केलं.

आत उघडल्यावर खरा शत्रू दिसला, धूळ! हवेची जाळी फाटली होती. शेतातली बारीक माती पेट्रोलबरोबर आत जाऊन पॉलिश पेपरसारखी ब्लॉकला घासत राहिली होती. बोअर करणं आलं. ते घरी होत नाही, त्याला लेथवाला लागतो. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले एक टर्नर काका भेटले, त्यांनी तासभर मोजमापं घेतली आणि मगच मशीनला हात लावला. ऑइल सील कडक झाले होते, तेही बदलले. सील गळला की बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन तापून बसतं. सुटे भाग धुळ्याला मिळाले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, गॅरेजांची कमतरता नाही. आग्रा रोडच्या बाजूच्या एका जुन्या मिस्त्रींनी तिला आधी नीट न्याहाळलं. "बेटा, गाडी कुणाची?" म्हणाले. "आजीची," हिने सांगितलं. मिस्त्रींनी पॉइंटचा सेट काढून दिला, फट किती ठेवायची ते फिलर पट्टीने दाखवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

आजीची? कागदावर तर गाडी आजोबांचीच होती, आणि वादाला तोंड तिथेच फुटलं. गाडी आकाराला येतेय म्हटल्यावर पुण्याचा एक हौशी गिऱ्हाईक तीस हजार द्यायला तयार झाला. इतकी वर्षं जी गाडी भंगारवाल्याला द्यायची भाषा चालली होती, तिच्यावर काकाचा हक्क एकदम जागा झाला. "बापाची गाडी मुलाकडेच येणार ना?" मुलीच्या वडिलांचं म्हणणं, भांडण नको, देऊन टाक. आजीला कुणी विचारलंच नाही. मी गेले तेव्हा म्हातारी शेडच्या दाराशी बसली होती. मी कागदाचा विषय काढला तर म्हणाली, "माले काय करनं शे त्या कागदनं?" आणि थोड्या वेळाने, आपल्याशीच, "मना हातनं दूध ह्या गाडीवर गयं." पहाटे चारला उठून म्हशी हिने पिळल्या, कॅन हिने भरले, गाडीचे पैसे त्या दुधातून फिटले. आरसीवर नाव मात्र एकाचं.

म्हणून मैत्रिणींनो, इंजिन उघडण्याआधी आरसी उघडा. मालक वारला की आरटीओत ३१ नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावावर गाडी करता येते. नियमाप्रमाणे हे तीन महिन्यांत करायचं असतं, आपल्याकडे तीस वर्षं होत नाही. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा लागतो, आणि इतर वारसांची संमती. ही संमती मिळवणं सगळ्यात अवघड. बायको हीसुद्धा वारस आहे, ही गोष्ट घरोघरी इतक्या सहज कशी विसरली जाते, मला कळत नाही. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावायची सोय झाली आहे. घरातल्या चालू गाड्यांच्या बाबतीत हे आजच करून घ्या. आणि रंगकाम करताना चासी नंबर, इंजिन नंबर घासू नका की लांबीखाली गाडू नका. तपासणीला तेच बघतात.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आले. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली यापुरतीच. हौशी श्रीमंतांना ते ठीक आहे. आमच्या गाडीला पन्नास झाली नाहीत, आणि झाली असती तरी वीस हजार कुणी भरले असते? नेहमीची फेरनोंदणी, दंड आणि पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी, हाच रस्ता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. टू-स्ट्रोक गाड्या बंद पडल्या त्या उगीच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धुरातून बाहेर पडतं. १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक होत गेले, तशा या गाड्या मागे पडल्या. राजदूत रोज भाजी आणायला काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सायलेन्सर कापून गल्लीत फटफट करणाऱ्या पोरांना तर घरच्यांनीच आवरावं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणी ओढून घेतं. नळ्या नव्या घाला, गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा. पेट्रोलचा डबा स्वयंपाकघराजवळ नको, देवघराजवळही नको. तिथे समई तेवत असते. गळकी टाकी घरी वेल्डिंग करायला तर चुकूनही बसू नका, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती भुकटी फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, तोंडाला रुमाल बांधून.

"हे शिकून मुलीला काय मिळणार?" हा प्रश्न मला तिच्या आईनेही विचारला. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये मोटरसायकलच्या बाहा शर्यतींत महिलांचा जागतिक करंडक जिंकला, हे मी तिला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "ते लांबचं झालं हो ताई." मग मी जवळचं सांगितलं. परवा पारोळा रोडवर संध्याकाळी सातला त्यांचीच स्कूटी बंद पडली. मुलीने प्लग काढला, पुसला, लावला आणि घरी आणली. त्यावर आई काही बोलली नाही.

हिशेबाची वही मुलीनेच ठेवली आहे. बोअर, पिस्टन, सील, टायर-ट्यूब, वायरिंग मिळून साडेअकरा हजार. त्यातले चार हजार आजीने दिले, गाठोड्यातून काढून. काकाने संमतीच्या कागदावर गेल्या सोमवारी सही केली. का केली ते त्याने सांगितलं नाही. म्हातारीने आरटीओच्या फॉर्मवर अंगठा नाही, सही केली. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली, अक्षर अक्षर सुटं, पण स्वतःची.

गाडी चालू झाली आहे. मागचा दिवा मात्र लागत नाही, तारेत कुठेतरी दोष आहे आणि सहा व्होल्टचा बल्बही मिळत नाही. वाचकांपैकी कुणाच्या गोठ्यात राजदूतचा जुना मागचा दिवा, काच न फुटलेला, पडून असेल तर जरूर कळवा. फुकट नको, मुलगी पैसे देईल.