सुटी सर्वांची, धडा एकटीला

गेल्या आठवड्यात आमच्या पेठेतील एक सद्गृहस्थ मजकडे आले. त्यांची कन्या माझ्याकडे गाणे शिकते. होळीच्या सुटीत कॉलेजातील मैत्रिणींबरोबर गोव्यास जाण्याचा तिने हट्ट धरला आहे. "मास्तर, तुमचा शब्द ती मोडायची नाही. तेवढी तिची समजूत घाला," असे सांगून ते पुढे म्हणाले, "ही सारी त्या अमेरिकन सिनेमांची देणगी बघा! सुटी, समुद्रकिनारा आणि धिंगाणा!"

मी एका दिवसाची मुदत मागून घेतली, आणि ज्या बोलपटाने ही सुटी जगभर गाजविली तो 'व्हेअर द बॉईज आर' त्या रात्री घरी लावून पुन्हा पाहिला.

हा बोलपट १९६० सालचा, मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचा. ग्लेंडन स्वार्थाउट यांच्या त्याच वर्षीच्या कादंबरीवरून तो बेतला आहे. निर्माता जो पास्टरनाक, दिग्दर्शक हेन्री लेव्हिन. ही चाल मात्र सिनेमाने पाडलेली नव्हे. फ्लॉरिडातील फोर्ट लॉडरडेल या गावी १९२८ साली मोठा जलतरण तलाव झाला आणि १९३० नंतरच्या दशकात उत्तरेकडील कॉलेजांचे पोहणारे संघ सरावासाठी तिथे जाऊ लागले. त्यांच्या मागोमाग इतर विद्यार्थीही गेले. बोलपट झळकला आणि १९६१ च्या वसंतात ही गर्दी पन्नास हजारांच्या घरात गेली. १९८५ साली ती साडेतीन लाखांच्या आसपास पोहोचली, तेव्हा मात्र गावानेच हात जोडले आणि कडक नियम केले.

बर्फाने गोठलेल्या कॉलेजातून चार मैत्रिणी ईस्टरच्या सुटीत त्या किनाऱ्यावर येतात, एवढीच कथा. प्रारंभी पोलीस कप्तान आपल्या शिपायांना बजावतो की पोरे येणार आहेत, जरा सबुरीने घ्या. पुष्कळ हशा आहे, नाच आहे. शीर्षकगीत नील सेडाका आणि हॉवर्ड ग्रीनफिल्ड यांचे. ते गायिले आहे कॉनी फ्रान्सिस हिने, आणि चौघींपैकी एकीची भूमिकाही तिचीच आहे. गीत संथ लयीचे. आमच्या ठुमरीतील नायिका दाराशी वाट पाहत उभी असते, तशीच ही मुलगीही कुठेतरी असलेल्या आपल्या माणसाची वाट पाहते. फरक एवढाच की ही त्याला शोधायला घराबाहेर पडली आहे. कॉनी फ्रान्सिस २०२५ साली वारली; पण तो स्वर ऐकताना आजही मन हलते.

कथेत मेरिट नावाची मुलगी वर्गात उभी राहून विवाहापूर्वीच्या संबंधांविषयी बेधडक बोलते आणि त्यापायी तिला अधिकाऱ्यांपुढे जावे लागते. तिचे बोलणे मनावर घेते ती भोळी मेलनी. बोलणारी स्वतः सांभाळून राहते. ऐकणारी मात्र फसते. एका पोरावर विश्वास ठेवून मेलनी गेली, आणि त्याच्या जागी आलेल्या त्याच्या सोबत्याने तिच्यावर बळजबरी केली. भान हरपलेली ती पोर भर रस्त्यावर चालू लागते आणि मोटारीखाली सापडते. ती वाचते, पण तिथून पुढे बोलपटातील हशा संपतो.

पहिल्या वेळी हा भाग पाहून मलाही वाटले होते, बरी अद्दल दाखविली! आज वाटते ते निराळे. मेलनी रुग्णालयात पडून आहे, मेरिट उशाशी बसून स्वतःला दोष देते आहे. पण ज्याने हे केले त्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस करण्यात पटकथेला काडीचाही रस नाही. पोरांच्या उच्छादासाठी साऱ्या गावाने सबुरी धरली. हिशेब मात्र एका मुलीच्या नावावर मांडला. मेरिटची भूमिका करणारी डोलोरेस हार्ट १९६३ साली चित्रसृष्टी सोडून जोगीण झाली आणि कनेटिकटमधील मठात गेली. पडद्यावरच्या बेधडक बोलण्यावरून मुलीची पारख करणारांनी हेही ध्यानात ठेवावे.

पुढच्या बोलपटांनी तर एवढेही दुःख सोसले नाही. १९६३ सालच्या 'पाम स्प्रिंग्ज वीकएंड'मध्ये वाळवंटातले सुटीचे गाव आले. १९६५ साली खुद्द पास्टरनाकने त्याच फोर्ट लॉडरडेलला 'गर्ल हॅपी' काढला. त्यात शिकागोचा एक गुंड बाप मुलीवर गुपचूप नजर ठेवण्यासाठी राखणदार नेमतो. कोणाला? आपल्या क्लबात गाणाऱ्या गवयाला! तो एल्विस प्रिस्ली. मुलीला हे कळते, संतापाच्या भरात ती दारू पिऊन दंगा करते आणि कोठडीत जाते. राखण केली नसती तर जे झाले नसते, ते राखणीमुळे झाले. हे पाहताना मला हसू आले, आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले. आमचे सद्गृहस्थ मजकडे कशासाठी आले होते?

माझे वडील बडोद्याच्या दरबारी गवई होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते तरुण होते. पुढे शिकवण्या आणि मैफली यांवर त्यांनी घर चालविले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. माझ्या थोरल्या बहिणीचा गळा माझ्याहून सरस. परगावच्या मैफलीस वडील निघाले की तंबोऱ्यावर मला नेत आणि तिला घरी ठेवीत. बाहेरचे वातावरण मुलीला बरे नाही, असे ते म्हणत. वातावरण खरोखरच बरे नव्हते. पण ज्यांनी ते बिघडविले ते कोणी घरी बसले नाहीत, बसली ती. लग्नानंतर तिचे गाणे सुटले. आज ती नातवाला निजवताना गुणगुणते, तेव्हा तिच्या षड्जापुढे मी मान खाली घालतो; कारण त्या दिवसांत तिच्या बाजूने मी एक शब्दही बोललो नव्हतो.

म्हणून परवा सद्गृहस्थांना सांगितले, "राखणदारी मजकडून व्हायची नाही. तिला जाऊ द्या. एवढेच सांगून ठेवा की कसलीही अडचण आली, तिची चूक असो वा नसो, रात्री-अपरात्री फोन केलास तरी आधी तुला आणायला येईन आणि मग विचारीन." मेलनीच्या उशाशी मैत्रीण होती, तिच्या घरचे कोणी मला दिसले नाही.

ते काही बोलले नाहीत. चहा मात्र पुरा घेतला.

त्याच सुटीत माझ्याकडे शिकणारे दोन मुलगेही गोव्यास निघाले आहेत. त्यांची समजूत घाला म्हणून त्यांचे वडील अद्याप मजकडे आलेले नाहीत.