फलाटावर कोणाला उभे करायचे?

खेळण्यातली आगगाडी घरात आली की प्रथम इंजिनाचे कौतुक होते, मग रुळांचे, मग पुठ्ठ्याच्या डोंगरातल्या बोगद्याचे. माणसांची आठवण सर्वांत शेवटी होते. तोवर स्थानक उभे राहिलेले असते, बाके, घड्याळ, तिकीटखिडकी सारे जागच्या जागी असते. फलाटावर मात्र चिटपाखरूही नसते. मग परदेशातून येणाऱ्या एखाद्या आप्ताकडून लहानशी डबी मागवली जाते. ती उघडावी तर आत लांब कोट आणि हॅट घातलेले गृहस्थ, गळ घेऊन बसलेला मासेमार, खांद्याला बंदूक लावलेला शिकारी आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या बिनवशिंडाच्या गाई! ही मंडळी अंधेरीच्या फलाटावर उतरवायची तरी कशी?

या डब्या बहुधा जर्मनीतल्या असतात. प्रायझर हा तिथला कारखाना १९४९ पासून अशा चिमुकल्या मूर्ती घडवीत आला आहे. कारागिरी अप्रतिम, पण ती त्यांच्या गावांसाठी. आपल्याकडे निवड करताना पहिला प्रश्न मापाचा येतो, आणि व्यापारी घरात मापात चूक झालेली खपत नाही. छंदिष्टांत सर्वाधिक प्रचलित असलेले एच-ओ प्रमाण म्हणजे १:८७. पाच फूट पाच इंचांचा माणूस त्यात १९ मिलिमीटरचा होतो. एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, तोच जेमतेम १० मिलिमीटर उरतो. वास्तुविशारदांच्या नमुन्यांसाठी शंभर-शंभर नगांच्या पिशव्यांत मिळणाऱ्या स्वस्त मूर्ती पुष्कळदा १:१०० किंवा १:७५ प्रमाणाच्या असतात, आणि त्या एच-ओ म्हणून सर्रास विकल्या जातात. फुटपट्टी लावली की उलगडा होतो: पहिल्या साडेसोळा मिलिमीटरच्या, दुसऱ्या बावीसच्या. पिशवी परत करण्याचे मात्र कारण नाही. ठेंगण्या मूर्ती मागच्या टेकडीजवळ उभ्या केल्या, तर टेकडी आहे त्याहून दूर भासते.

मापाचा हा आग्रह आपल्या परंपरेत नव्हता. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांच्या गडावर मावळा दरवाजाहून उंच असतो, गवळण बुरुजाएवढी असते, आणि गुहेतला वाघ कोणालाही खात नाही. त्या किल्ल्याची गोडी कमी होत नाही. तिथे भाव मोठा, प्रमाण गौण. आगगाडीच्या देखाव्यात तसे चालत नाही, कारण गाडीचा दरवाजा समोर असतो आणि पाहणारा नकळत माणूस त्याच्याशी ताडून पाहतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे रुळांभोवती एक अख्खे शहरच नांदते. अशा ठिकाणी मुलांचे डोळे इंजिनामागे धावतात खरे, पण वडीलधाऱ्यांची नजर थबकते ती माणसांच्या घोळक्यावर.

मुंबईच्या उपनगरातल्या घरात जागा थोडी. बारा डब्यांची लोकल एच-ओ प्रमाणात जवळजवळ तीन मीटर लांब होईल. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या दिवाणखान्याची एक भिंत तिलाच द्यावी लागेल. म्हणून तीन डबे आणि पाऊण मीटरचा फलाट, एवढ्यावर समाधान मानणे बरे. त्यावर सकाळी नऊची गर्दी दाखवायला शेकडो मूर्ती लागतील आणि खर्चही तसाच येईल. त्यापेक्षा आधी वेळ ठरवावी. सूर्य नुकताच वर आला आहे असे मानले, तर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारा पोऱ्या, दुधाचे कॅन, रात्रपाळीहून परतणारा पेंगुळलेला कामगार, शाळेची दोन मुले आणि झाडूवाली, एवढ्यांत फलाट भरतो. दहाचा सुमार धरला, तर डोक्यावर लांबट लाकडी पाटी तोलणारा पांढऱ्या टोपीतला डबेवाला हवाच. दोन्ही एकत्र ठेवले की घड्याळ खोटे पडते. वेळ ठरली की निवड निम्म्याहून अधिक होऊन जाते.

सकाळची वेळ निवडणाऱ्या जैन घरात आणखी एक विचार संभवतो. विहार करणाऱ्या साध्वीजींच्या दोन-तीन शुभ्र आकृती दाखवाव्यात का? दाखवायच्या असतील, तर त्यांचे स्थान फलाटावर असूच शकत नाही. विहार पायीच होतो. रुळांना समांतर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, अनवाणी, सोबत एखादी श्राविका, असेच ते दृश्य शोभेल. खेळण्यात असे रूप आणणे काहींना आशातनेसारखे वाटेल. त्या घरी वडीलधाऱ्यांचे मत अंतिम मानावे; रस्ता मोकळा राहिला म्हणून देखावा उणा होत नाही.

परदेशी मूर्तींना इथले करणे मात्र कष्टाचे असले तरी अवघड नाही. हॅटची कड धारदार पात्याने उडवावी. लांब झग्यातल्या स्त्रीभोवती पाणी मिसळलेल्या गोंदात भिजवलेला पातळ टिश्यू कागद गुंडाळला, की साडी होते; उरलेले टोक खांद्यावरून मागे सोडले, की पदर. रंग देण्यापूर्वी मूर्ती साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवाव्यात, नाहीतर साच्याचा तेलकटपणा रंग धरू देत नाही. धावणाऱ्या, हात उंचावलेल्या मूर्ती टाळाव्यात. गाडी फिरत असते आणि तो धावणारा माणूस महिनोन्‌महिने एक पाय हवेत ठेवून तसाच असतो. थोड्याच दिवसांत तो डोळ्यांना खुपू लागतो. वाट पाहणारी, बसलेली, बोलत उभी असलेली माणसे कायम खरी वाटतात. ती सारख्या अंतरावर मांडू नयेत. पंख्याखाली पाच, खांबाला टेकून एक, मग बरीच मोकळी जागा, असाच आपला फलाट असतो.

जनावरांची गोष्ट अधिक नाजूक आहे. परदेशी गाईला एम-सीलचा कणभर गोळा लावून वशिंड देता येते. म्हशीसाठी शिंगे मागे वळवावी लागतात. आरे दुग्धवसाहत ज्यांना दाखवायची आहे, त्यांना या कष्टातून सुटका नाही. कबुतर या प्रमाणात चार मिलिमीटरच्या आतबाहेर भरते. त्यासाठी काही जण साबुदाणा किंवा राई रंगवून चिकटवतात. ते करू नये: पावसाळ्यात दाण्यांना कीड लागते आणि मग जिवंत जिवांचीच पंचाईत होते. एम-सीलचेच कण पुरतात. बोरिवलीचा देखावा असेल, तर राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीत एक बिबट्या अर्धवट दडवावा, खांद्यापाशी सात-आठ मिलिमीटर उंचीचा. तो शोधण्यात पाहुण्यांची मुले तासभर रमतात.

खरा पेच उद्भवतो तो खेळताना. मुले हमखास गाय रुळावर आडवी ठेवतात आणि गाडी सोडतात. प्लास्टिकची गाय, तिला काय होणार, असे म्हणून मोठी माणसे हसतात. राजा यशोधराची कथा या वाचकांना नवी नाही. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ती ‘यशस्तिलका’त सांगितली, पुष्पदंतांनी ‘जसहरचरिउ’मध्ये. राजाने कोंबडा मारला नव्हता. पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला होता. तेवढ्या संकल्पापायी त्याला आणि त्याच्या मातेला जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावे लागले. मुलाला पशुयोनीची भीती घालण्याचे कारण नाही, आणि बालबुद्धीचा खेळ म्हणजे राजाचा बळीही नव्हे. मात्र रुळावरची गाय उचलून तिला कुंपणाआड ठेवण्याचा खेळही तितकाच रंगतो, असे मुलांना दाखवता येते. मालधक्क्यामागे एक लहानसे पांजरापोळ केले, की तिला जायला घरही मिळते. मुंबईच्या पांजरापोळाची स्थापना १८३४ मधली. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ मध्ये शहरात दंगल उसळली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८५३ मध्ये. तेव्हा देखाव्यात पांजरापोळ स्थानकाहून जुने दिसले, तर ते इतिहासाला धरूनच होईल.

रूळ ओलांडणारी माणसे मांडावीत का, हाही असाच प्रश्न. वास्तवाचा हट्ट धरणारे म्हणतील की उपनगरात हे रोजच दिसते. दिसते, आणि त्यातले काही जण घरी पोहोचत नाहीत, हेही त्याच घरातल्या मुलांना कानावरून ठाऊक असते. ती माणसे पुलावर चढवावीत. पूल गजबजलेला दिसला की स्थानक आपोआप मुंबईचे वाटू लागते.

उरतात डबीतले शिकारी आणि मासेमार. पैसे मोजून आणलेली वस्तू फेकणे कोणालाच रुचणार नाही. मासेमाराचा गळ कापून टाकावा आणि त्याला फलाटाच्या बाकावर बसवावे. खाली मान घालून बसलेला तो माणूस हातातला मोबाइल पाहत असल्यासारखाच दिसतो. शिकाऱ्याच्या बंदुकीची नळी पात्याने तासून सरळ दांडा करावा, टोकाला लहानसा ठोकळा चिकटवून हातोडा बनवावा आणि कोटावर नारिंगी रंग चढवावा. मग तो रूळ तपासत चालणारा ट्रॅकमन होतो. त्याला फलाटापासून थोडे दूर, सिग्नलच्या खांबापलीकडे, रुळांच्या बाजूच्या खडीवर उभे करावे, गाडी येते त्या दिशेला तोंड करून.