कपाटातला प्लेअर पुन्हा बोलता करू या

मोबाईल हातात आला आणि गाणी ऐकण्याचे छोटे प्लेअर कपाटाच्या खणात गेले. वाचक बंधू-भगिनींनो, ते भंगारात देण्याआधी थोडे थांबा. त्याची दोन कारणे आहेत. मुलांना उर्दू-इंग्रजीचे ऐकण्याचे पाठ द्यायचे असतील, तर ज्यावर गेम आणि व्हिडिओ नाहीत असे साधन केव्हाही बरे. दुसरे कारण त्याहून मोठे. यांपैकी अनेक प्लेअरमध्ये माईक होता आणि त्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज साठलेले असू शकतात.

अडचण येते ती संगणकाला जोडताना. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवे विंडोज जुन्या लॅपटॉपवर बसत नाही, म्हणून आमच्या ओळखीच्या काही घरांनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मुक्तस्रोत प्रणाली घेतली. पैसे लागत नाहीत आणि जुने यंत्र चालू राहते. मात्र प्लेअर जोडला की तो नुसता चार्ज होतो, पडद्यावर काही दिसत नाही. मग ‘लिनक्सवर हे चालत नाही’ असे म्हणून प्लेअर परत खणात जातो. हा निकाल घाईचा आहे.

पहिला संशय वायरवर घ्यावा. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. दुसरी वायर लावून पाहा, लॅपटॉपचे दुसरे छिद्रही वापरून पाहा.

वायर ठीक असेल तर प्लेअरची जोडणीची पद्धत पाहावी. पद्धती दोन आहेत. एमएससी म्हणजे कपाटाची किल्लीच संगणकाच्या हाती देणे. प्लेअर पेन ड्राइव्हसारखा उघडतो. एमटीपी ही मायक्रोसॉफ्टने आणलेली पद्धत शाळेच्या ग्रंथालयासारखी आहे. कपाटाला हात लावायचा नाही, खिडकीवर मागायचे आणि ग्रंथपाल आणून देईल. लिनक्सलाही हे मागणे जमते, त्यासाठी ‘लिबएमटीपी’ नावाचा भाग आहे. तरी जुन्या प्लेअरशी बोलताना तो कधी अडखळतो. म्हणून सॅनडिस्कच्या सॅन्सा क्लिपसारख्या प्लेअरमध्ये वायर काढून सेटिंग्जमध्ये जावे, ‘यूएसबी मोड’ शोधून ‘एमएससी’ निवडावे आणि वायर पुन्हा लावावी. बहुतेक वेळा काम इथेच होते. एका पद्धतीने भरलेल्या फायली दुसऱ्या पद्धतीत दिसत नाहीत, असे मात्र घडते. काही दिसले नाही तर ते पुसले गेले असे समजू नका. मोड बदलून पुन्हा पाहा.

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाची दादी अल्लाहला प्यारी झाली. तिने कोकणी बोलीत सांगितलेल्या कहाण्या नातीने अशाच प्लेअरवर रेकॉर्ड केल्या होत्या. प्लेअर लॅपटॉपवर उघडेना. एका दुकानदाराने ‘फॉरमॅट करावा लागेल’ असे सांगितले. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. प्लेअर चालू झाला असता, दादी मात्र गेली असती. नातीने तो परत आणला, आम्ही दोघांनी बसून मोड बदलला आणि ‘रेकॉर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्या कहाण्या सापडल्या. घरात त्या रात्री कोणी टीव्ही लावला नाही.

तेव्हा नियम एकच: आधी नक्कल, मग दुरुस्ती. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घ्या, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा आणि फाईलला कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल असे नाव द्या. नुसत्या आकड्यांची नावे दहा वर्षांनी कोणालाच कळणार नाहीत.

ॲपलच्या आयपॉडची तऱ्हा वेगळी. त्यात फाईल नुसती टाकून भागत नाही, कारण तो स्वतःच्या नोंदवहीत नाव असेल तेच वाजवतो. ‘रिदमबॉक्स’सारखा प्रोग्राम अनेक जुन्या आयपॉडच्या वहीत ही नोंद करतो. आतली गाणी बाहेर काढायची असतील तर लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडावा. ‘आयपॉड कंट्रोल’ या फोल्डरमध्ये चार-चार अक्षरांच्या विचित्र नावांनी ती सापडतात. घाबरू नये, गाण्याचे खरे नाव सहसा फाईलच्या आत लिहिलेले असते.

आता पाठ भरण्याविषयी. स्वस्त प्लेअर फायली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून धडा सातवा आधी आणि पहिला नंतर असे होते. नावापुढे ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत घालावेत आणि फायली त्याच क्रमाने एकेक करून टाकाव्यात. ‘फॅटसॉर्ट’ नावाचे छोटे साधन हा क्रम नंतरही लावून देते. फाईल एमपी३ असावी, ती जवळपास प्रत्येक प्लेअरला चालते. मोबाईलवरचे रेकॉर्डिंग वेगळ्या प्रकारचे असेल तर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रामने ते एमपी३ करता येते.

काम झाले की वायर ओढू नका. पडद्यावर ‘कॉपी पूर्ण’ दिसले तरी काही मजकूर संगणकाच्या स्मृतीत थांबलेला असतो. ‘इजेक्ट’ दाबा, सूचना येऊ द्या, मगच काढा. अर्धवट फायलींचे एक मोठे कारण हेच.

ज्या घरात वृद्धांची नजर अधू आहे त्यांच्यासाठी ‘रॉकबॉक्स’चा उल्लेख करतो. २००१ साली सुरू झालेली ही प्लेअरसाठीचीच मुक्तस्रोत प्रणाली. ती बसवल्यावर प्लेअर आपल्या मेनूतले शब्द मोठ्याने बोलून दाखवू शकतो, त्यामुळे न पाहता बटणे वापरता येतात. ती ठरावीक मॉडेलवरच चालते, म्हणून आधी आपले मॉडेल यादीत आहे का ते पाहावे. आठवणी असलेल्या प्लेअरवर तर नक्कल घेतल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

येत्या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन तो खण उघडा. वायर, मोड, नक्कल, इजेक्ट एवढे चार शब्द त्यांना शिकवा. आणि दादी-नानी हयात असतील, तर त्याच प्लेअरचा माईक त्यांच्यासमोर धरा.