तिकीट आपले, दिवाळे त्यांचे

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्यापैकी निम्म्या घरांत डिसेंबरची भारतवारी ठरलेली असेल. रजा मंजूर झाली असेल, पुतणीच्या लग्नाची तारीख कालनिर्णयवर गोल केलेली असेल आणि चौघांच्या तिकिटांचे पैसे खात्यातून केव्हाच गेले असतील. अशा वेळी ‘शुभ बोल नाऱ्या’ असे कुणी मला म्हणेल. तरीही एक प्रश्न विचारतो. ज्या कंपनीला तुम्ही पैसे दिलेत ती प्रवासाआधीच बुडाली, तर ते पैसे तुम्हाला कोण परत देणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोला आगगाडीने सुमारे पाचशे माणसे नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. त्यातून उभी राहिलेली कंपनी १७८ वर्षे टिकली आणि २३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे बंद झाली. तेव्हा तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. त्याआधी २ ऑक्टोबर २०१७ ला मोनार्क बुडाली होती. तिचे सुमारे १ लाख १० हजार प्रवासी बाहेर होते. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि हीथ्रोपर्यंत आपल्याला सवयीच्या झालेल्या जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ ला, ऐन ईस्टरच्या तोंडावर, सेवा थांबवली. मे २०२३ मध्ये भारतातच गो फर्स्टची विमाने जमिनीवर आली. जुने नाव, मोठे नाव, आपल्या गावचे नाव, यांपैकी काहीही हमी देत नाही.

या कंपन्या अशा अचानक का कोसळतात? त्यांचा व्यवहारच आगाऊ पैशांवर चालतो. तुम्ही सहा महिने आधी भाडे भरता आणि त्या पैशांतून कंपनी आजचे इंधन व आजचे पगार भागवते. उन्हाळ्यात गल्ला भरतो. शरद ऋतूत हॉटेलांची व इतर देणी येऊन उभी राहतात आणि नवी आवक आटते. कंपनी डळमळीत आहे अशी कुणकुण लागली की कार्डांचे व्यवहार सांभाळणाऱ्या संस्था प्रवाशांचे पैसे तिला लगेच न देता राखून ठेवतात आणि उरलीसुरली रोकडही आटते. म्हणजे तिकीट काढणारा प्रवासी हा कंपनीला बिनव्याजी कर्ज देणारा सावकार असतो, पण तारण न घेतलेला. दिवाळे निघाले की तो देणेकऱ्यांच्या रांगेत अगदी शेवटी उभा राहतो.

ब्रिटनने हा धडा १९७४ मध्ये घेतला. त्या वर्षी १५ ऑगस्टला कोर्ट लाइन ही कंपनी बुडाली, तिच्याबरोबर क्लार्कसन्स ही सहलीची मोठी कंपनीही गेली आणि चाळीस हजारांवर प्रवासी परदेशात अडकले. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून राखीव निधी उभारला. आज ॲटॉल या नावाने आपण जी योजना ओळखतो तिच्यात सहल कंपनी माणशी अडीच पौंड निधीत भरते. कंपनी बुडाली तर परदेशातल्या माणसाला घरी आणले जाते आणि न निघालेल्याचे पैसे परत मिळतात. थॉमस कुकची पॅकेज सहल घेतलेल्यांचे पैसे बुडाले नाहीत ते यामुळेच.

मात्र ही छत्री स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या माणसासाठी शिवलेली आहे. विमान आणि हॉटेल एकत्र घेतले की तुम्ही छत्रीखाली येता. विमान कंपनीकडून नुसते तिकीट घेतले तर बाहेर राहता. आता आपण काय घेतो ते पाहा. आपण ठाण्याला किंवा साताऱ्याला जातो, हॉटेल कशाला घेऊ? आपले घर आहे, ताईचा फ्लॅट आहे. म्हणजे आजारी वडिलांना भेटायला निघालेला माणूस उघड्यावर आणि आठवडाभर उन्हात लोळायला निघालेला माणूस सुरक्षित! ही रचना मला अन्यायाची वाटते.

यावर उत्तर असे मिळते की ज्याने स्वस्त तिकीट शोधले त्याने जोखीमही घ्यावी, बाकीच्यांनी त्याच्यासाठी पैसे का भरावेत? प्रश्न रास्त आहे. पण मोनार्कच्या वेळी काय झाले? ॲटॉल असो वा नसो, परदेशातल्या सर्वांना सरकारने परत आणले. खर्च सुमारे सहा कोटी पौंड आला आणि त्यातला मोठा वाटा करदात्यांनी उचलला. म्हणजे वर्गणी आपण देतोच आहोत. फक्त ती हिशेबात न दाखवता, आणि ज्याने कधी विमानात पाऊल टाकले नाही त्याच्याकडूनही घेतली जाते. सरकारनेच नेमलेल्या पीटर बक्स यांच्या समितीने मे २०१९ मध्ये सांगितले की प्रत्येक प्रवाशामागे सरासरी पन्नास पेन्सपेक्षाही कमी खर्चात सर्वांना घरी आणण्याची सोय होऊ शकते. पन्नास पेन्सात आज चहाही मिळत नाही. तरीही तसा कायदा झालेला नाही. माझ्या मते तो व्हायला हवा, आणि त्यात न निघालेल्यांच्या परताव्याचाही विचार व्हायला हवा. आपल्या खासदाराला पत्र लिहिणे हे केवळ इंग्रजांचे काम नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात असलेल्या गोष्टींकडे वळू. आपल्या समाजात तिकीट ‘ओळखीच्या माणसाकडून’ काढायची रीत आहे. ‘आपलाच आहे, पावती कसली मागायची?’ असे म्हणत बँकेतून थेट त्याच्या खात्यात पैसे जातात. तो माणूस सज्जन असेलही. पण तो ज्या कंपनीला पैसे पुढे पाठवतो तिच्यापुढे त्याची सज्जनता चालत नाही. पैसे घेऊन तिकीट ताबडतोब न देणाऱ्या इथल्या एजंटाकडे साधारणपणे ॲटॉल परवाना असावा लागतो. परवान्याचा क्रमांक मागा, प्रमाणपत्र हातात घ्या. यात अपमान काही नाही. सोनाराकडे हॉलमार्क पाहतो, तसेच हे.

दुसरे, शक्यतो क्रेडिट कार्ड वापरा. १९७४ च्या ग्राहक पतविषयक कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार शंभर पौंडांहून अधिक आणि तीस हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. नुसती अनामत कार्डाने भरली तरी पूर्ण रकमेला हे संरक्षण मिळते. मधे एजंट असला तर मात्र दावा अडू शकतो. तिसरे, प्रवास विमा घेताना विमान कंपनी बुडाल्यास भरपाई आहे का ते वाचा. पुष्कळ पॉलिसींत ती नसते. आणि आईवडिलांसाठी पुण्यात बसून सहल घेत असाल तर लक्षात ठेवा, तिथे ॲटॉलसारखा निधी नाही. जेटचे कित्येक प्रवासी परताव्यासाठी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत धनको म्हणून अडकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला, तोवर साडेपाच वर्षे उलटली होती.

इथे वाढलेल्या मुलामुलींनो, यातले बरेच तुम्हाला ठाऊक असेल. मग घरातली तिकिटे तुम्ही काढा, नाहीतर आजी-आजोबा ‘भरा’ हे बटण दाबतात तेव्हा शेजारी तरी बसा. आणि मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. पुढची सहल जाहीर कराल त्या पत्रकावर संयोजक कंपनीचा परवाना क्रमांक छापा. सभासद तुमच्या शब्दावर पैसे भरतात, आणि त्यात कुणाची तरी वर्षभराची बचत असते.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. डिसेंबरात सुखरूप जा आणि सुखरूप परत या.